होडीवर अँटेना कुठे बसवायचा? उजनीच्या पाण्यावरून समजून घेऊ

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. सोलापूरहून पुण्याकडे निघालं की टेंभुर्णीच्या पुढे भीमानगरला उजनीची भिंत लागते, आणि तिच्यामागे भीमेचं पाणी माढा, करमाळा, इंदापूर करत पार दौंडच्या बाजूपर्यंत पसरलेलं आहे. या पाण्यावर मासेमारीच्या होड्या आहेत, पक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटी आहेत, आणि या काठाच्या गावातली माणसं त्या काठाच्या गावात नेणाऱ्या होड्याही आहेत, कारण रस्त्याने जायचं तर फार मोठा वळसा पडतो.

२१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली अशीच एक होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. जवळ रेडिओ असता तर काय झालं असतं, हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. लाइफ जॅकेट आधी, आभाळ बघून निघणं आधी, रेडिओ त्यानंतर. पण मी सोलापुरात हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेनं चालवायचा वायरलेस, चालवतो, आणि काठावरची माणसं भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात: होडीवर वायरलेस सेट ठेवला तर तो किती लांब बोलेल?

या प्रश्नाचं उत्तर सेटमध्ये फारसं नाही. ते अँटेना होडीवर कुठे आणि कसा उभा केलाय यात आहे. समुद्रावर जाणारे लोक हे पूर्वीपासून जाणतात. त्यांचंच ज्ञान आपल्या पाण्याला लावून बघू.

मोबाईल असताना रेडिओ कशाला, असं कुणीही विचारेल. मोबाईलवर तुम्ही एका माणसाला फोन लावता, आणि त्यानं उचलला नाही तर विषय संपला. रेडिओवर एकदा बोललं की त्या चॅनेलवर कान देऊन असलेल्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जातं, मग ती शेजारची होडी असो की काठावरचं घर. समुद्रावर यासाठी व्हीएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सी) पट्ट्यातला चॅनेल १६ ठरलेला आहे. त्याची फ्रिक्वेन्सी १५६.८ मेगाहर्ट्झ, आणि संकटात सापडलेली बोट सगळ्यात आधी तिथेच हाक मारते. उजनीवर मात्र कुणीही उठून सागरी चॅनेल वापरू शकत नाही. आपल्याकडे अशा वायरलेस सेटला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. आम्हा हॅम मंडळींना परीक्षा देऊन १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो, तोही धंद्यासाठी वापरायचा नाही या अटीवर. दोन्ही पट्टे इतके जवळ आहेत की अँटेनाचे नियम दोघांनाही तेच. दोन्हींची तरंगलांबी, म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, साधारण दोन मीटर. हा दोन मीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

उंची

काठावरच्या एका तात्यांनी मला विचारलं होतं, “सर, वॅट जास्त असलेलं मशीन घेतलं की आवाज लांब जाईल की ओ?” हा समज फार पसरलेला आहे. सागरी बोटीवर बसवलेला सेट जास्तीत जास्त २५ वॅटचा असतो, हातातला साधारण ५ वॅटचा. पाचपट ताकद म्हणजे पाचपट अंतर असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही, कारण व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. काही अंतरानंतर पाण्याचाच फुगवटा आडवा येतो. त्याच्या पलीकडे सिग्नल फार झपाट्याने पडतो, आणि वॅट कितीही वाढवले तरी तो फुगवटा हटत नाही. अँटेना वर नेला तरच त्याच्यावरून पलीकडचं दिसतं.

याचा हिशोब कागदावर करता येतो. अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. उत्तर येईल ते त्या अँटेनाचं क्षितिज, किलोमीटरमध्ये. डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा हे साधारण १५ टक्क्यांनी लांब असतं, कारण हवेतून जाताना लहर किंचित खाली वाकते. बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोघांची क्षितिजं वेगवेगळी काढायची आणि बेरीज करायची. जास्तीत जास्त तेवढं अंतर पार होईल.

आता आकडे घालून बघा. होडीत बसलेल्या माणसाच्या हातातला सेट पाण्यापासून साधारण १ मीटरवर असतो, त्याचं क्षितिज ४.१ किलोमीटर. अशा दोन होड्या एकमेकींशी फार तर ८ किलोमीटरवरून बोलतील. त्यातल्या एकीचा अँटेना ४ मीटरवर नेला की तिचं क्षितिज ८.२ होतं आणि बेरीज १२ च्या पुढे जाते. सेट तोच आणि बॅटरीही तीच.

वर्गमूळ आहे, म्हणून उंचीचा फायदा हळूहळू कमी होत जातो. १ मीटरवरून ४ मीटरवर गेलात की ४.१ किलोमीटर वाढतात. तेवढेच आणखी वाढवायला ४ वरून ९ वर जावं लागतं, आणि त्यापुढच्या तेवढ्याच वाढीसाठी १६ वर. लहान होडीवर पहिले तीन मीटर सोन्याचे. त्यापुढे डोलकाठी उंच करत बसण्यात अर्थ नाही, होडीचा तोल मात्र जायचा.

बेरीज दोन्ही टोकांची असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. होडी उंच करता येत नाही, काठ करता येतो. काठावरचा अँटेना ४ मीटरवरून १६ मीटरवर, म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीवर नेला, तर एका फटक्यात आसपासच्या प्रत्येक होडीच्या पल्ल्यात ८ किलोमीटरची भर पडते. किनाऱ्यावरची रेडिओ केंद्रं टेकडीवर असतात ती याचसाठी: १०० मीटर उंचीवरच्या अँटेनाचं क्षितिज ४१ किलोमीटर, आणि ४ मीटरचा अँटेना असलेली बोट त्यात स्वतःचे ८ घालते.

उजनीचं पाणी उतरतं तेव्हा

समुद्राच्या पुस्तकात नसलेली एक अडचण इथे आहे. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९६.८ मीटर असते, आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा सुमारे ४९१ मीटर. म्हणजे जवळजवळ सहा मीटरचा फरक. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी आपण उन्हाळ्यात वाचतो, तेव्हा पाणी याच्याही खाली गेलेलं असतं.

पाणी सहा मीटर उतरलं की होडी सहा मीटर खाली जाते, काठ जागेवरच राहतो. दिवाळीत ज्या वळणावरून काठावरच्या घराशी स्पष्ट बोलणं व्हायचं, तिथेच मे महिन्यात मधला उंचवटा, बांध, बाभळीची झाडं किंवा उसाचं रान आडवं येतं. उजनीचं पात्र रुंदीला काही किलोमीटरच आहे, त्यामुळे पृथ्वीच्या फुगवट्यापेक्षा ही वळणं आणि हे उंचवटेच जास्त नडतात. म्हणून अँटेनाची जागा ठरवताना भरलेल्या धरणाचा विचार करू नका, उन्हाळ्यातल्या तळ गाठलेल्या पाण्याचा करा. वळवाची वादळं त्याच दिवसांत येतात आणि मदत लागायची शक्यताही तेव्हाच जास्त असते.

माणसांच्या वर

लहान होडीत दुसरा मोठा अडथळा म्हणजे आपणच. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि ते या लहरी शोषून घेतं. होडीच्या मागच्या टोकाला कंबरेच्या उंचीवर अँटेना लावला आणि पुढे दहा माणसं बसली, तर त्या दिशेला सिग्नल अशक्त होऊन जातो. सेट कमरेला लावून बोलणाऱ्याचंही तेच होतं, त्याच्या पाठीमागच्या बाजूला आवाज जाईनासा होतो. त्यामुळे अँटेनाचा बोलणारा भाग उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर हवा. उभा माणूस धरला की हे पाण्यापासून अडीच-तीन मीटरवर येतं, म्हणजे वरच्या हिशोबातले सोन्याचे मीटर आपोआप मिळतात.

उलट बाजूनेही हे गरजेचं आहे. २५ वॅटचा सेट बोलत असताना अँटेनाच्या मीटरभर अंतरात कुणी बसू नये, आणि त्याला हात तर अजिबात लावू नये. आमच्याकडच्या होडीत अँटेनाचा दांडा हाताशी आला की चढताना-उतरताना माणूस त्यालाच धरून आधार घेणार. जाळं त्याच्यात अडकणार, वल्हं लागणार. जागा निवडताना होडीत एक दिवस नुसतं बसून लोक कुठे हात टाकतात, कुठून चढतात ते बघा. रेडिओच्या कुठल्याच सूत्रात हे सापडणार नाही, आणि माझ्या मते अँटेना टिकणं-न टिकणं यावरच ठरतं.

लोखंडापासून किती दूर

अँटेनाच्या जवळ समांतर उभा असलेला कुठलाही धातूचा दांडा स्वतःच अर्धा अँटेना बनतो. तो लहर पकडतो आणि परत फेकतो, एका दिशेला जास्त आणि एका दिशेला कमी. दोन मीटरच्या तरंगलांबीला अर्ध्या मीटरवरचा पाइप म्हणजे पाव तरंगलांबीवरचा पाइप, आणि इतक्या जवळून तो अँटेनाचा सगळा आकारच बिघडवतो. निदान मीटरभर मोकळी जागा ठेवावी, जमलं तर त्याहून जास्त.

म्हणूनच डोलकाठीच्या टोकावर अँटेना लावणं हे बाजूला लावण्यापेक्षा कितीतरी चांगलं. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीला पट्टी मारून बाजूला अँटेना लावला की काठीच्या पलीकडे त्याची सावली पडते. त्या बाजूच्या होडीला तुमचा आवाज तुटक येईल, आणि तुम्हाला वाटेल सेट बिघडलाय. कार्बन फायबरच्या काठ्या दिसायला प्लास्टिकसारख्या, पण वीज वाहून नेतात. त्यांना धातूच समजायचं. साध्या काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, नळीचा त्रास नाही.

उजनीवर मला सगळ्यात योग्य वाटणारी डोलकाठी म्हणजे चांगला वाळलेला, वार्निश मारलेला बांबू. हलका असतो, वाऱ्यात वाकतो पण सहसा मोडत नाही, धातू नसल्यामुळे अँटेनाच्या कामात लुडबुड करत नाही, आणि टेंभुर्णीच्या बाजारातही मिळतो. त्याचा बुंधा होडीला दोन ठिकाणी घट्ट बांधायचा. एकाच ठिकाणी बांधला तर लाटेबरोबर हेलकावे खाऊन तो बांधणी सैल करतो.

पर्यटकांच्या बोटीवर पत्र्याचं छत असतं. त्या छताखाली अँटेना लावला तर तो जवळजवळ वाया गेला म्हणायचा. तोच छताच्या वर, टपाच्या मधोमध उभा केला तर पत्रा उलट मदतीला येतो. पाव तरंगलांबीच्या उभ्या तारेला, म्हणजे हॅम पट्ट्यासाठी साधारण ४९ सेंटिमीटर आणि सागरी पट्ट्यासाठी ४५ सेंटिमीटरच्या आसपास, खाली धातूचा पसरट आधार लागतो, आणि टपाचा पत्रा तो देतो. नुसत्या फायबरच्या किंवा लाकडाच्या होडीत हा आधार नसतो. तिथे पाव तरंगलांबीची तार लावून सिग्नलची वाट बघू नका. एक तर तिच्या बुडाशी चार आडव्या तारा जोडा, नाहीतर सरळ अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना घ्या, त्याला खाली पत्र्याची गरज नसते. हॅम लोक तांब्याच्या नळीतून ‘जे-पोल’ नावाचा असा अँटेना घरीच करतात, तो फायबरच्या होडीला उत्तम.

कुठलाही असो, तो उभाच लावायचा. समुद्रावरचे आणि काठावरचे सगळे अँटेना उभे असतात, कारण उभा दांडा चारी दिशांना सारखा बोलतो, आणि पाण्याच्या अगदी जवळून जाताना उभ्या लहरीचं नुकसान आडव्या लहरीपेक्षा कमी होतं. एकाचा उभा आणि दुसऱ्याचा आडवा असेल तर दोघांचं जमत नाही, सिग्नल शंभरपटीनेही घटू शकतो. होडी कलली म्हणून अँटेना ३० अंश झुकला तर मात्र घाबरायचं कारण नाही, तेव्हा ताकद जेमतेम चतुर्थांशाने कमी होते.

जास्त ‘गेन’चा मोह

दुकानात अँटेना ३, ६ आणि ९ डेसिबल अशा ‘गेन’च्या, म्हणजे एखाद्या दिशेला ताकद किती वाढते त्याच्या, आकड्यांनी विकले जातात (दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट धरायची), आणि जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला असं दुकानदार सांगतो. अँटेना नवीन ताकद तयार करत नाही. ज्वारीच्या पिठाचा गोळा थापून भाकरी केली की ती रुंद होते, पण पीठ तेवढंच राहतं आणि जाडी जाते. अँटेनाचंही तसंच: वर आणि खाली जाणारी ताकद कमी करून तो ती आडवी पसरवतो. अर्ध्या तरंगलांबीच्या साध्या अँटेनाचा झोत उभ्या दिशेने साधारण ७८ अंश जाड असतो. ९ डेसिबलचा झोत त्याच्या मानाने अगदी पातळ.

मोठं जहाज फारसं हलत नाही, त्याला पातळ झोत चालतो. आपली होडी लाटेवर वर-खाली होते, वाऱ्यानं कलते, एका बाजूला माणसं सरकली तरी झुकते. अशा वेळी पातळ झोत एका बाजूने पाण्यात घुसतो आणि दुसऱ्या बाजूने आभाळात जातो. ऐकणाऱ्याला आवाज येतो-जातो, येतो-जातो. वादळात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, हे जास्त होतं. शिडाच्या बोटीवर म्हणूनच ३ डेसिबलचा, मीटरभर लांबीचा छोटा अँटेना डोलकाठीच्या टोकावर लावतात. शिवाय ६ डेसिबलचा अँटेना साधारण अडीच मीटर लांब, त्याच्या बुडावर वाऱ्याचा आणि हेलकाव्यांचा जोर प्रचंड येतो. लहान होडीला छोटा अँटेना आणि उंच जागा, एवढंच पुरे.

केबल खाते ते

जागा उंच निवडली की सेटपासून तिथपर्यंत केबल न्यावी लागते, आणि केबल वाटेत ताकद खाते. बारीक आरजी-५८ केबल या पट्ट्यात १०० मीटरला साधारण २० डेसिबल खाते. म्हणजे १५ मीटर केबलमध्ये ३ डेसिबल, थोडक्यात अर्धी ताकद. सेटमधून २५ वॅट निघाले तर अँटेनापर्यंत साडेबारा पोचतात. जाड आरजी-२१३ केबल घेतली तर त्याच १५ मीटरमध्ये १८ वॅटच्या आसपास उरतात. ऐकतानाही तेवढाच तोटा, आणि दूरचा अशक्त आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही.

लहान होडीवर केबल चार-पाच मीटरच लागते, तिथे आरजी-५८ नेही काम भागतं. मोठ्या बोटीवर मात्र उंची वाढवताना केबलचा हिशोब करा. तरीही पुष्कळदा उंचीच जिंकते, कारण अर्धी ताकद गेली तरी क्षितिज वाढलेलं राहतं. जास्तीची केबल गुंडाळून कोपऱ्यात ठेवण्याची सवय सोडा. ती कापून नीट जोडणी करा.

डिश टीव्हीची आरजी-६ केबल सगळीकडे मिळते आणि स्वस्त असते. ती ७५ ओमची, आपले सेट ५० ओमचे (ओम हे विजेच्या विरोधाचं माप), म्हणजे दोघं जुळत नाहीत. त्यामुळे थोडी ताकद परत फिरते, पण फार नाही, आणि अडीअडचणीला ती चालते. कायमची मात्र नको. तिची ॲल्युमिनियमची जाळी पाण्याच्या दमटपणात लवकर खराब होते.

केबलचा खरा शत्रू पाणी. सर्रास वापरला जाणारा पीएल-२५९ कनेक्टर पाणी अडवत नाही. एकदा पाणी आत शिरलं की ते जाळीतून आत आत चढत जातं, तांबं हिरवं पडतं आणि वर्षभरात केबल निकामी होते. बाहेरून काहीच दिसत नाही. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, तिच्यावर उन्हापासून बचावाला साधी काळी टेप. केबल सेटकडे आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकून जातं, आत जात नाही. आणि जागा अशी हवी की हा जोड तुमच्या हाताला येईल. ज्या जोडापर्यंत शिडी लावल्याशिवाय पोचता येत नाही तो कुणी तपासत नाही. म्हणून मी तर बांबू सहज आडवा करता येईल अशीच बांधणी सुचवतो.

कोकणातल्या बोटींची गर्दी

आपल्याकडची काही पोरं रत्नागिरी, रायगडकडे बोटींवर कामाला आहेत. त्यांच्या बोटीवर प्रश्न वेगळा, जागा एक आणि अँटेना अनेक. व्हीएचएफ, आपली जागा इतर जहाजांना कळवणारं एआयएस, जीपीएस, कधी रडार, कधी उपग्रहाशी बोलणारा ट्रान्सपाँडर.

एआयएस १६२ मेगाहर्ट्झच्या अगदी आसपास चालतं, म्हणजे व्हीएचएफच्या खेटून. दोन अँटेना शेजारी शेजारी लावले तर एक बोलताना दुसरा बहिरा होतो. मोठ्या जहाजांसाठीचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन असं आहे की हे दोघं एकाच पातळीवर असतील तर १० मीटर अंतर हवं, पण एकाच्या बरोबर वर दुसरा असेल तर २ मीटर पुरतात. कारण उभा दांडा आपल्या टोकाच्या दिशेने, म्हणजे सरळ वर आणि सरळ खाली, जवळजवळ बोलतच नाही. लहान बोटीवर १० मीटर कुठून आणणार? मग एक वर आणि एक खाली, आणि वरची जागा व्हीएचएफला, कारण संकटात हाक त्यातूनच जाणार.

जीपीएसला उंची नको, मोकळं आभाळ हवं. तो डोलकाठीच्या टोकावर लावला तर काठीचा झोका त्याला बोटीचा वेग वाटू लागतो. केबिनच्या टपावर किंवा कठड्यावर तो सुखी. उपग्रहाच्या ट्रान्सपाँडरलाही तसंच आभाळ हवं, पण रडारच्या झोतासमोर यातलं काहीच नको. होकायंत्रापासून सेटचा स्पीकर मीटरभर तरी दूर ठेवा, त्यातल्या लोहचुंबकाने सुई फिरते.

तारा आणि विजा

उजनीच्या काठावर शेतीपंपांच्या मोटारींच्या विजेच्या तारा जागोजागी आहेत, काही पाण्यावरून जातात, काही झोळ पडून खाली आलेल्या असतात. पाणी उतरलेलं असताना ज्या तारेखालून होडी आरामात गेली, त्याच तारेखालून भरलेल्या धरणात जाताना अंतर पाच-सहा मीटरने कमी झालेलं असतं. चार मीटरचा बांबू आणि त्यावर धातूचा अँटेना घेऊन तिथून जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं. तुमच्या नेहमीच्या वाटेवरच्या तारा धरण भरलेलं असताना बघून ठेवा. उंची ठरवताना हा आकडा आधी, क्षितिजाचा हिशोब नंतर. शंका आली तर उंची कमी करा. होडी काठाला लावतानाही बांबू आडवा करा.

विजा चमकायला लागल्या की पाण्यावर थांबायचंच नाही. अँटेनामुळे वीज ‘उतरून जाते’ आणि आपण वाचतो असा समज काही जणांचा आहे, तो खोटा आहे. लहान होडीत सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा अँटेना, दोघंही. काठ गाठा आणि अँटेना सेटपासून सोडवून ठेवा.

भोक पाडण्याआधी

जागा ठरली असं वाटलं तरी होडीला लगेच भोक पाडू नका. अँटेना तिथे दोरीने बांधा आणि तपासा. एसडब्ल्यूआर मीटर नावाचं छोटं यंत्र सेट आणि अँटेनाच्या मध्ये जोडलं की किती ताकद परत फिरते ते कळतं. मीटर १.५ च्या आत असेल तर जेमतेम ४ टक्के ताकद परत येते, ते ठीक. ३ दाखवला तर चतुर्थांश ताकद परत येते, म्हणजे जोडात, केबलमध्ये किंवा जवळच्या लोखंडात काहीतरी गडबड आहे. पण मीटर चांगला आला म्हणजे जागा चांगली असं नव्हे. पाण्याने भरलेली खराब केबल परत फिरलेली ताकदही गिळते, आणि मीटर छान आकडा दाखवत राहतो.

म्हणून खरी परीक्षा पाण्यावर. काठावर, दोन-तीन किलोमीटरवर, सेट घेऊन एक ओळखीचा माणूस बसवा. सेटची ताकद कमीवर ठेवा, कारण पूर्ण ताकदीवर जवळच्या अंतरात उणिवा लपून जातात. होडीत नेहमीएवढी माणसं बसवा, आणि मग होडी एका जागी सावकाश पूर्ण गोल फिरवा. फिरवताना बोलत राहा, “आता तोंड कुगावकडे, आता धरणाकडे, आता कळाशीकडे”, आणि काठावरच्याने आवाज कधी स्पष्ट आणि कधी खरखरीत येतो ते लिहून घ्यावं. एखाद्या दिशेला आवाज पडत असेल तर त्या बाजूला अँटेनाजवळ काय आहे ते शोधा. बहुतेक वेळा छताचा खांब, इंजिनाचा पाइप नाहीतर माणसंच निघतात. अँटेना हातभर सरकवा आणि पुन्हा फिरवा. हे काम मे महिन्यात, पाणी खाली असताना करा, आणि सकाळच्या शांत वेळी, दुपारचं वारं सुटण्याआधी. जी दिशा शेवटपर्यंत सुधारत नाही ती होडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. हाक मारायची वेळ आली तर आधी होडी कुठल्या अंगाला वळवायची, हे त्याला पाठ पाहिजे.